घरातून आलेली जुनी मोठी गाडी ठेवावी की विकावी? सांगली-मिरजेकडचे नेहमीचे प्रश्न

इनोव्हा, टवेरा, क्वालिस, एर्टिगा, ओम्नी, ईको. आपल्याकडे या गाड्या एका पिढीवर थांबत नाहीत. थोरल्या भावाने नवी घेतली की जुनी धाकट्याकडे येते, सासऱ्यांना चालवणं जमेना झालं की जावयाच्या दारात लागते, काका गेले की पुतण्याकडे किल्ली येते. पैसे मोजलेले नसतात, म्हणून गाडी फुकट पडली असं वाटतं आणि तिचा हिशेब कोणी मांडत नाही. मग दोन वर्षं ती नुसती उभी राहते, विमा संपतो, बॅटरी बसते आणि शेवटी मिळेल त्या भावात जाते. हे नुकसान टाळता येतं, म्हणून लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. सरकारी फी आणि विम्याचे दर मधूनमधून बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी परिवहन पोर्टलवर चालू दर पाहून घ्या.

गाडी नुकतीच दारात आली आहे. सगळ्यात आधी काय करू?

ठेवायची की विकायची हा विचार आठ दिवस बाजूला ठेवा आणि आरसी बुक हातात घ्या. नाव कोणाचं आहे, नोंदणीची मुदत कधी संपते, बँकेचा बोजा अजून चढलेला आहे का, एवढं बघा. मग विम्याची आणि पीयूसीची तारीख. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं असतं, असं फार घरांत सापडतं. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो बोजा उतरवल्याशिवाय गाडी ना तुमच्या नावावर होते ना विकता येते. बँकेची ती शाखाच दुसरीकडे गेली असेल, तर या एका कागदाला महिना लागतो. म्हणून हे काम पहिलं.

जुन्या गाडीला सुरक्षा नंबर प्लेट (एचएसआरपी) बसली आहे का, तेही पाहा. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना ती बसवून घ्यावी लागते. चारचाकीसाठी महाराष्ट्रात ठरलेला दर ७४५ रुपये आणि वर जीएसटी असा आहे. प्लेट नसेल तर नाव बदलण्यासारखी आरटीओची कामं अडतात.

काका वारले, गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. चालवली तर चालते का?

थोडे दिवस चालते, पण त्याला अट आहे. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवलं असेल, तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचा अर्ज करायचा असतो. नेहमीच्या खासगी गाडीच्या पॉलिसीतही असंच आहे: विमाधारक गेल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर चालू राहते.

तेराव्यानंतर घरात कोणाला आरटीओची आठवण नसते, हे समजतं. पण वर्षभर मृत व्यक्तीच्या नावावर गाडी पळवत राहणं धोक्याचं आहे. मिरजेच्या रस्त्यावर कोणाला धक्का लागला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न मालकीचाच काढते. सगळा बोजा मग कुटुंबावर येतो. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र जमवा. २०२१ च्या नियमबदलानंतर आरसीवर वारस म्हणून कोणाचं नाव नोंदवून ठेवता येतं. काकांनी तसं केलं असेल, तर काम बरंच सोपं होतं. तुमच्या नावावर गाडी झाली की तुम्हीही ते करून टाका.

सासऱ्यांनी प्रेमाने दिली आहे, पैसे घेतले नाहीत. तरी नावावर करायला हवी का?

हो. पैसे घेतले नसले तरी आरटीओच्या लेखी मालक बदललेलाच असतो, फॉर्म २९ आणि ३० तेच. जावयाने गाडी चालवायची आणि चलन मात्र सासऱ्यांच्या मोबाइलवर जायचं, यात नात्यालाही त्रास होतो. सासऱ्यांच्या विम्यात जमलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्यांचा असतो, तो गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही. त्यांनी पुढे तीन वर्षांत दुसरी गाडी घेतली, तर तो त्यांना वापरता येतो, तेव्हा विमा कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवायला सांगा.

आम्ही तिघं भाऊ. गाडी वडिलांची. कोणाच्या नावावर करायची यावर गाडं अडलं आहे.

ज्याच्या दारात ती उभी राहणार आणि जो विमा भरणार, त्याच्या नावावर करा. बाकी दोघांना त्यांच्या वाट्याचे पैसे हवे असतील, तर आजचा बाजारभाव दोन ठिकाणी विचारून रक्कम ठरवा आणि साध्या कागदावर तरी लिहून सह्या घ्या. "लागेल तेव्हा सगळ्यांनी वापरायची" हा ठराव ऐकायला गोड आहे. पण लग्नसराईत तिघांनाही एकाच रविवारी गाडी लागते, आणि क्लच प्लेट गेली की ती कोणाच्या हाताखाली गेली यावर बोलणं सुरू होतं. सामाईक विहिरीवरून भांडणारी घरं आपण पाहिली आहेत, गाडीवरून ते नको.

गाडी बेळगावच्या मामांची आहे, नंबर कर्नाटकचा. तशीच इथे वापरली तर?

सीमाभागात हा प्रश्न फार येतो. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली, तर कायद्याने इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८ लागतो, आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्याला चिकाटी हवी. माझं मत असं: गाडी बारा-तेरा वर्षांची झाली असेल, तर हा खटाटोप करण्यात अर्थ नाही. मामांनी ती तिकडेच विकावी. तिथल्या नंबरच्या गाडीला तिथेच भाव जास्त येतो.

डिझेल गाडी दहा वर्षांनी बाद होते म्हणतात. खरं आहे का?

आपल्याकडे नाही. दहा वर्षं डिझेल आणि पंधरा वर्षं पेट्रोल हा निर्बंध दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग इंधन कोणतंही असो. पुढे गाडीची तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. "आता दोन वर्षांत भंगारातच जाणार" असं सांगून चांगली इनोव्हा कमी भावात मागणारे भेटतात. त्यांचं ऐकून घाई करू नका.

नूतनीकरणाला पैसे मात्र लागतात. १५ ते २० वर्षांच्या मोटारीला ५,००० रुपये, आणि २० वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून १०,००० रुपये. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये जास्त. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, जो डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त पडतो. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करायचा. तपासणीच्या आधी दिवे, वायपर, हॉर्न, ब्रेक आणि सीटबेल्ट नीट करून घ्या. इंजिन उत्तम असलेली गाडीसुद्धा एका बंद टेललाइटवरून परत येते.

ठेवणं परवडतं की नाही, याचा हिशेब कसा मांडायचा?

बहुतेक लोक "विकली तर किती येतील?" इथून सुरुवात करतात. मला ते पटत नाही. आधी पुढच्या बारा महिन्यांत ही गाडी किती पैसे खाणार ते काढा.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजायला धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला. २०१२ ची इनोव्हा, विकली तर साडेतीन लाख येतील. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरून देणारा घेतला, तर १,५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला जून २०२२ पासूनचा दर ७,८९७ रुपये, जीएसटी धरून सुमारे ९,३०० होतात. ऑइल, फिल्टर, किरकोळ सर्व्हिसिंग दहा हजार. टायर आणि बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलतात, त्यांचा वर्षाचा वाटा दहा हजार. उरलेलं म्हणजे सस्पेन्शनचे बुश, ब्रेक पॅड, एसीचा गॅस, कधी अल्टरनेटर. या वयाच्या गाडीला त्यासाठी तीस हजार बाजूला ठेवावेतच. झाले साठ हजारांच्या आसपास. आणि अडकलेल्या साडेतीन लाखांवर मुदत ठेवीत पावणेसात टक्क्यांनी वर्षाला साडेतेवीस हजार व्याज आलं असतं, तेही खर्चातच धरा. एकूण सुमारे ८४ हजार, डिझेल सोडून.

आता दुसरी बाजू. समजा लागेल तेव्हा भाड्याची सात आसनी गाडी बोलावली. दोन दिवसांची तुळजापूरची फेरी, दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात, किलोमीटरला १६ रुपये, म्हणजे ९,६०० रुपये. घरच्या गाडीने त्याच फेरीचे खरे ५०० किलोमीटर, लिटरला १२ धरले तर डिझेल पावणेचार हजारांच्या घरात. म्हणजे प्रत्येक मोठ्या फेरीला घरची गाडी जवळपास सहा हजार वाचवते. ८४ हजार भागिले सहा हजार: वर्षाला चौदा मोठ्या फेऱ्या झाल्या, तर घरची गाडी भाड्याच्या बरोबरीला येते.

चौदा फेऱ्या होतात का तुमच्या? जोतिबा, नरसोबाची वाडी, औदुंबर यांसारख्या जवळच्या फेऱ्यांना वाचणारे पैसे कमी, त्या अर्ध्या धरा. गणपतीला कोकण, दोन-तीन लग्नं, एक पंढरपूर आणि वर्षाकाठी पुण्याला मुलाकडे चार वेळा. प्रामाणिकपणे मोजलं तर बऱ्याच घरांची गाडी आठ-नऊवर थांबते. त्यांनी विकावी आणि भाड्याने बिनधास्त फिरावं.

पण घरात कोणाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला मिरजेला न्यावं लागत असेल, आईला गुडघ्यांमुळे छोट्या गाडीत बसता-उठता येत नसेल, किंवा द्राक्षाच्या हंगामात रोज पाच माणसं आणि त्यांचं सामान मळ्यावर न्यायचं असेल, तर हा भागाकार लागू पडत नाही. रोज लागणारी गाडी भाड्याने परवडत नाही आणि ऐन वेळी मिळतही नाही. अशा घरात जुनी गाडी ठेवणंच शहाणपणाचं.

आणि नवी सात आसनी घेऊ म्हणाल, तर आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं की हप्ता साडेसोळा हजारांच्या वर जातो. वर्षाचे जवळपास दोन लाख. जुन्या गाडीला एखाद्या वर्षी साठ हजारांचं काम निघालं म्हणून नवीकडे धावायच्या आधी हे दोन आकडे शेजारी लिहून पाहा.

टोलचं काय? पुण्याला जाता-येता बराच जातो.

१५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींना फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो. सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते, असा होता. राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांना तो चालतो. तासवडे आणि आनेवाडी नेहमी ओलांडणाऱ्याला लगेच फायदा आहे. पास त्या गाडीपुरताच असतो, म्हणून दोन महिन्यांत विकायची असेल तर काढू नका.

गाडीची खरी तब्येत कशी कळणार? मिस्त्री म्हणतो "एकदम ओके आहे".

ज्या मिस्त्रीने ती आजवर सांभाळली, त्याच्याकडून दुसरं मत मिळत नाही. दुसऱ्या गॅरेजला न्या, आणि आदल्या रात्रीच नेऊन लावा. सकाळी थंड इंजिन मिस्त्रीच्या समोर सुरू व्हायला हवं. गरम इंजिन बऱ्याच गोष्टी झाकतं. सुरू होताना निळसर धूर येऊन राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर जात नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल केल्यावर वाफ जोरात फसफसून बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. मग गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा टोकदार पेचकसाने टोचून पाहायला सांगा. पत्रा सडला असेल तर इंजिन कितीही चांगलं असू दे, गाडी ठेवू नका. इंजिनाचं काम होतं, चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा सडलेली गाडी परत उभी राहत नाही.

क्रिस्टाच्या आधीच्या जुन्या डिझेल इनोव्हाला टायमिंग बेल्ट आहे. तो ठरलेल्या किलोमीटरला बदललेला असायला हवा. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मोठं काम निघतं. कधी बदलला याची पावती नसेल, तर बदलला नाही असंच समजा आणि बदलून घ्या.

ती पुरात होती का, हे कसं ओळखायचं?

सांगलीत हा प्रश्न सगळ्यात मोठा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जिथे धोक्याची पातळी ४५ आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडी, शामरावनगर भागात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या अनेक दुरुस्त होऊन आजही चालतात. नातेवाइकाने लपवलं असेल असं नाही. कधी त्यालाही ठाऊक नसतं, कारण त्यानेही ती कोणाकडून तरी घेतलेली असते.

मधल्या ओळीतला सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, अगदी रीळ संपेपर्यंत. सीटवर दिसणारा पट्टा धुतलेला, स्वच्छ असतो. पण आत गुंडाळून राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ दिसली आणि बोटाला बारीक मऊ गाळ लागला, तर पाणी तिथवर चढलं होतं. तो गाळ कृष्णाकाठच्या माणसाला ओळखायला अवघड नाही. घर धुताना आपण तो हातांनी काढलेला असतो. मग पुढच्या सीटची रेल बघा, तिचे नट गंजलेत का. कार्पेटचा कोपरा उचला, खालचा फोम दाबा. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचा एखादा कनेक्टर सोडवून बघायला सांगा. पितळी पिना हिरव्या पडल्या असतील, तर विजेच्या कटकटी कायमच्या. आज काच वर जात नाही, उद्या दिवे आपोआप बंद.

पुरातली गाडी ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, विशेषतः रात्री घाटातून जायचं असेल तर. आणि विकताना ते सांगा. कमी पैसे येतील. पण आपल्याच गावातल्या कोणाच्या तरी लेकरांना त्या गाडीत बसायचं असतं.

मिस्त्रीने इंजिन कामाचा मोठा आकडा सांगितला. करू का?

गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च असेल, तर नको. त्याहून कमी असेल आणि पत्रा, गिअरबॉक्स, स्टिअरिंग सगळं ठीक असेल, वर गाडी पुढे चार-पाच वर्षं ठेवायचीच असेल, तर करा. विकण्यासाठी म्हणून इंजिन काम कधीच करू नका. गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही, उलट "इंजिन खोललंय" म्हणून भाव पाडतो.

सुटे भाग मिळतील का?

इनोव्हा आणि मारुतीच्या गाड्यांची चिंता नाही, सांगलीत कुठेही मिळतात. क्वालिस २००५ मध्ये बंद झाली, टवेरा विकणाऱ्या कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, ओम्नी २०१९ मध्ये गेली. इंजिनाचे आणि ब्रेकचे भाग या गाड्यांनाही मिळतात. काचा, दिवे, दरवाजाचे हँडल, आतलं प्लॅस्टिक यांसाठी मात्र जुन्या बाजारात फिरावं लागतं. टवेरा असेल तर आधी तुमच्या मिस्त्रीला विचारा, तो ती आनंदाने हातात घेतो का. त्याने नाक मुरडलं तर विका.

विमा पूर्ण घ्यावा की फक्त थर्ड पार्टी?

थर्ड पार्टी कायद्याने सक्तीचा आहे. पूर्ण विम्यात पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, तेव्हा ती बाजारभावाला धरून आहे का पाहा. दाव्याच्या वेळी रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीचे निम्मे पैसे कापले जातात, आणि दहा वर्षांपुढच्या गाडीला धातूच्या भागांचेही निम्मेच मिळतात. म्हणून दोन-अडीच लाखांच्या खालच्या गाडीला बरेच जण थर्ड पार्टीवर थांबतात. पण तुमचं घर पूररेषेत असेल, तर पूर्ण विमा घ्याच. थर्ड पार्टीत पुराचं नुकसान मिळत नाही. आणि मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण विसरू नका.

लहान मुलं असतात गाडीत. जुनी गाडी सुरक्षित आहे का?

नव्या गाडीइतकी नाही. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये यातलं काहीच नाही. ओम्नीत तर चालकाच्या पुढे बॉनेटच नसतं, पुढून धडक बसली की मधे काही उरत नाही. गावात भाजी आणायला, मळ्यात जायला ठीक. पण ओम्नी घेऊन मुलाबाळांसह महामार्गावर ताशी ८० ने जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ज्या गाडीत मागच्या ओळीत समोरासमोर आडवी बाकं आहेत आणि बेल्ट नाहीत, तिथे मुलांना बसवू नका. सगळ्या सीटना चालू बेल्ट असणं आणि टायर सहा वर्षांच्या आतले असणं, ही ठेवायच्या गाडीची किमान अट धरा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी दिसायला भरपूर असली तरी आठ-नऊ वर्षांचं रबर मे महिन्यात फुटतं. उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास सापडतं.

सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलेलं आहे का आणि टाकीची तीन वर्षांनी करायची तपासणी झाली आहे का, तेही बघा.

वारीला, लग्नाला भाड्याने देऊन खर्च काढला तर?

पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी भाड्याने देता येत नाही. परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक केल्याबद्दल १०,००० रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि सात प्रवाशांची भरपाई तुमच्या घरादारावर येते. असा धोका पत्करू नका.

विकायची ठरवली. भाव चांगला यावा म्हणून काय करू?

डीलरला दिली तर दोन दिवसांत सुटता, पण त्याचा नफा तुमच्याच किमतीतून जातो. थेट गिऱ्हाइकाला दिली तर जास्त येतात आणि वेळ लागतो. सात आसनी गाडीला दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईच्या तोंडावर मागणी असते, भर पावसात नसते. रंगकाम करत बसू नका. ताजा रंग पाहिला की गिऱ्हाईक पुट्टी शोधतो. आतून स्वच्छ धुऊन घ्या, विमा आणि पीयूसी चालू ठेवा, सर्व्हिसिंगच्या पावत्या एका फाइलमध्ये लावा. पावत्यांची फाइल असलेली गाडी शेजारच्या तशाच गाडीपेक्षा लवकर जाते.

नोंदणीचे पाच-सहा महिनेच उरले असतील आणि गाडी दणकट असेल, तर थोडं थांबून नूतनीकरण करा आणि मग विका. गिऱ्हाईक त्या कटकटीच्या नावाने खर्चापेक्षा बरेच जास्त पैसे कापतो. स्वतःच्या वापराची गाडी विकल्यावर तुम्हाला जीएसटी किंवा भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही.

घेणारा म्हणतो, "फॉर्मवर सह्या करून द्या, नाव मी नंतर करून घेतो." देऊ का?

नाही. या एका गोष्टीत भीड बाळगू नका, घेणारा पाहुण्यांतला असला तरी. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, मग गाडी पुढे कितीही हातांतून गेलेली असो. कोऱ्या सह्या घेऊन गाडी चार जणांत फिरते आणि वर्षाने नोटीस तुमच्या घरी येते.

मालक बदलल्याचं विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. फॉर्म पूर्ण भरा, तारीख घाला, घेणाऱ्याच्या आधारची प्रत घ्या, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून त्याची सही घ्या. किमतीतले काही हजार नाव बदलेपर्यंत मागे ठेवायचे असं ठरलं, तरी विकणाऱ्याला ते सोयीचंच आहे. निदान काम चटकन होतं.

कोणी घेतच नाही इतकी जुनी झाली आहे. भंगारात देऊ?

गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. तो चॅसी नंबर कापून आरटीओत जमा करत नाही, तुमची नोंद तशीच राहते. नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्या. तिथे ठेव प्रमाणपत्र मिळतं, ते दाखवून नव्या गाडीच्या करात सवलत घेता येते, आणि जुन्या गाडीची नोंदणी रीतसर रद्द होते.

वडिलांची आहे, विकवत नाही. हिशेब मात्र विका म्हणतो.

मग ठेवा, पण वापरात ठेवा. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, विमा चालू ठेवा आणि वर्षाला लागणारे पैसे आधीच बाजूला काढा. घरातल्या सगळ्यांना तो आकडा ठाऊक असू द्या. नुसती दारात उभी करून सडवणार असाल, तर ज्याच्या घरी ती रोज लागेल अशा माणसाला द्या.

विकून झाली, पैसे आले. आता काही राहिलं का?

फास्टॅग बंद करा. तुमच्या खात्याला जोडलेला टॅग काचेवर राहिला, तर पुढचा माणूस किणी टोलनाक्यावरून जाईल आणि पैसे तुमचे कापले जातील. काच पुसून टॅग काढा, शिल्लक परत मागा. विमा कंपनीला विक्री कळवा आणि नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. महिन्याने परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का बघा. बदललं नसेल तर त्याच दिवशी घेणाऱ्याला फोन लावा, आणि ताबापावतीची प्रत घेऊन आरटीओत लेखी कळवून पोच घ्या.